कुठलं मुरूड, कुठला कुलाबा?

संगणकावरचा ज्ञानकोश प्रबंधात चालणार नाही, असा फतवा हल्ली बरेच मार्गदर्शक काढतात. विद्यार्थी तो निमूटपणे पाळतात. म्हणजे मजकूर तिथलाच उतरवून घेतात आणि तळटिपेत केतकरांचं नाव घालतात. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड! कुठला मार्गदर्शक उठून धूळ झटकायला जातोय?

बरं, विकिपीडिया एवढा वाईट आहे का हो? 'नेचर'नं २००५ साली विज्ञानावरचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा लेखामागे त्याच्या साधारण ४ चुका निघाल्या आणि ब्रिटानिकाच्या ३. ब्रिटानिकावाले भडकले, ते सोडा. शिवाय इथे कुणी, कधी, काय बदललं याची नोंद पानामागेच असते. छापील कोशात शिरलेली चूक पुढल्या आवृत्तीपर्यंत पाट मांडून बसते.

माझी तक्रार वेगळी आहे. इथली चूक गावभर फिरते. एखादं वर्तमानपत्र ती उचलतं, आणि मग ज्ञानकोश पुरावा म्हणून त्याच वर्तमानपत्राकडे बोट दाखवतो. मुलाची चौकशी मुलाच्या मामाकडे करावी, त्यातला प्रकार! तेव्हा तळटीप आहे एवढ्यावर भागत नाही. ती उघडायची, तिच्या मागे काय आहे तेही पाहायचं. एवढा खटाटोप करणार कोण?

आमच्या अलिबागेकडे तर फारच जपावं लागतं. शेजारच्या एका होतकरू संशोधकानं परवा महर्षी कर्व्यांना जंजिऱ्याच्या नवाबाची प्रजा करून टाकलं! अरे बाबा, कर्व्यांचं मुरूड दापोलीकडचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. यात ज्ञानकोशाचा काय दोष? ह्यानं 'मुरूड' एवढंच टाइप केलं आणि पहिलं आलं ते पान घेतलं.

कुलाब्याची कथा याहून बिकट. एक कुलाबा मुंबईत, दुसरा आमच्या समोर समुद्रातला किल्ला, आणि तिसरा जिल्हा, जो १९८१ साली रायगड झाला. मुंबईत विजेच्या ट्रॅम धावणार, त्यानं चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस आणली. म्हणजे कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यातच पोचली. वाक्य अक्षरशः खरं आहे. आता याची तळटीप कशी लिहायची ते सांगा!