ज्युपिटरच्या संदेशव्यवहारातील संदर्भ आणि अक्षर

ज्युपिटर ह्या गणनवहीचे दोन भाग असतात : प्रत्यक्ष गणन करणारे 'कर्नेल' आणि वाचकासमोर पाने मांडणारा दर्शनी भाग. ह्या दोहोंमधील संभाषणाचे नियम सांगणारी नियमावली यंत्रज्ञांसाठी लिहिलेली असली, तरी एका अर्थी ती संवादाचे व्याकरणच होय, आणि तिची परीक्षाही त्याच दृष्टीने करणे उचित ठरेल.

ह्या व्याकरणाचा सर्वांत मोठा गुण 'पॅरेंट हेडर'मध्ये आहे. कर्नेलकडून येणारे उत्तर, मध्येच छापलेली ओळ, चूक झाल्याची वार्ता, ह्या प्रत्येकास ज्या विनंतीमुळे ती निर्माण झाली तिचे शीर्ष जोडलेले असते. कचेरीतील पत्राच्या माथ्यावर 'संदर्भ : आपले पत्र' असे लिहिण्याची जी रीत, तीच ही. त्यामुळे उत्तर 'शेल' ह्या वाटेने व फलित 'आयओपब' ह्या वाटेने आले, तरी कोणते फलित कोणत्या कप्प्याखाली मांडावयाचे ह्याविषयी संभ्रम राहत नाही.

'कॉम' संदेशांची रचना मात्र तितकी समाधानकारक नाही. सरकपट्टीसारखे घटक ह्यांवर चालतात. हे संदेश एकमार्गी असून त्यांस उत्तर अपेक्षित नाही. कर्नेल दीर्घ गणनेत गुंतले असता वाचकाने पट्टी ३ वरून ७ वर नेली, तर पडद्यावर ७ दिसतो आणि कर्नेलजवळ ३ च राहतो. संदेश रांगेत तिष्ठत असतो. 'व्यग्र' व 'रिक्त' ह्या स्थितिवार्तांवरून पुढे अनुमान काढता येते हे खरे. पण अनुमान म्हणजे उत्तर नव्हे.

अक्षराचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधील सिंधीची शब्दसूची अशा वहीत करू पाहणाऱ्यास तो लवकरच भेटेल. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागी हे नगर वसले. छावणी गेली, 'कॅम्प' पत्त्यात राहिला. सिंधी भाषा अरबी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. देवनागरीत अंतःस्फोटक ग हा 'ॻ' असा एका संकेतबिंदूने लिहिता येतो (युनिकोडमध्ये हे चिन्ह २००६ साली आले), अथवा 'ग'खाली रेघ देऊन 'ग॒' असा दोन बिंदूंनी. वाचकाच्या लेखी दोन्ही एकच अक्षर.

शब्दपूर्तीची विनंती करताना दर्शनी भाग कर्सरचे स्थान अंकाने कळवितो. पूर्वी अनेक दर्शनी भागांत हा अंक यूटीएफ-१६ च्या एककांत मोजला जाई, नियमावलीच्या ५.२ आवृत्तीपासून तो संकेतबिंदूंत मोजावा असे ठरले. सुधारणा योग्यच, परंतु तिचा लाभ झाला तो इमोजी आणि गणितातील विशेष वर्ण ह्यांना. मराठी-सिंधी वर्णांचा अंक दोन्ही मापांनी सारखाच येतो. 'क्षि'चे तेव्हाही चार होते, आजही चारच आहेत. अर्थात दोन्ही बाजू एकच माप वापरीत असल्याने व्यवहार अडत नाही. दोष आहे तो मौनाचा. पूर्तीची सीमा अक्षराच्या मध्यभागी पडू नये, एवढा साधा नियमही येथे नाही. परिणामी 'ग' आणि त्याखालची रेघ ह्यांच्यामध्ये कर्सर मानणारा दर्शनी भाग नियमबाह्य ठरत नाही. 'ॻ' वापरून नोंदविलेला शब्द 'ग॒' लिहिणाऱ्यास सुचविला जात नाही, ह्याचे उत्तरदायित्व मात्र मुख्यतः युनिकोडवर जाते. कारण ही दोन रूपे समतुल्य आहेत, असे ते मानीत नाही.