सोवळे आणि शुद्ध अंतःकरण
('स्मृतिचित्रे'चे एक पुनर्वाचन)

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र 1934 ते 1936 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. आपल्या कुटुंबांतून ते आजही आवडीने वाचले जाते, पण बहुधा त्यातील विनोदासाठी आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विलक्षण स्वभावाच्या गमतींसाठी. माझ्या मते हा ग्रंथ मुळात शुद्धतेविषयीचा आहे, आणि तसा तो वाचला गेला नाही ही आपली उणीव आहे.

ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांचे सोवळे येते. बाहेरची वस्तू धुतल्याविना घरात येऊ नये, याचा त्यांना ध्यास होता आणि त्याचा जाच घरातील बायकामुलांना सोसावा लागे. लेखिका हे हसत सांगते, म्हणून वाचकही हसतो. परंतु या हसण्यामागे करुणा आहे. जो मनुष्य सारे जग धुऊ पाहतो, त्याला आपल्याच माणसांचे अश्रू दिसत नाहीत. मार्काच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना हेच सांगतो, की माणूस विटाळतो तो बाहेरून आत जाणाऱ्या वस्तूंनी नव्हे, तर अंतःकरणातून निघणाऱ्या दुष्ट विचारांनी.

पुढे 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे निराळे सांभाळले. मग विचार करता करता त्यांना उमगले की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे. आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असा निश्चय त्यांनी केला. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, हा निश्चय त्याच्या आधीचा. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. देवाची कृपा वेदीपाशी पोहोचण्यापूर्वी चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी काम करीत होती.

लेखिकेचे सामर्थ्य असे की या प्रसंगी ती प्रवचन करीत नाही. आपल्या जुन्या सोवळ्याचीही ती थट्टा करते, पण ते पाळणाऱ्यांचा तिरस्कार करीत नाही. निर्मळ अंतःकरणाची ही खूण आहे. कॅथॉलिक वाचकाला मात्र येथे एक अपुरेपणा जाणवेल. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट परंपरेतले. त्यामुळे पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद यांतून होणारी नित्याची चित्तशुद्धी या पृष्ठांत शोधू नये. शुद्धता एका निश्चयाने संपत नाही, ती रोज मागावी लागते, हे आपण आपल्या परंपरेतून जाणतो.

पण जाणणे आणि जगणे यांत अंतर आहे. याच जालना जिल्ह्यात, जालना शहराजवळ, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात मांग समाजातील ख्रिस्तीजनांसाठी बेथेल ही वसाहत वसविली. तरीही 2016 साली भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेला आपल्या दलितविषयक धोरणात, चर्चमध्येही अस्पृश्यता आणि भेदभाव टिकून आहे, असे मान्य करावे लागले. वाटूरसारख्या गावात राहणाऱ्या कुटुंबाने हे दूरचे समजू नये. आपण उपवासकाळ पाळतो, शुक्रवारी मांस वर्ज्य करतो. ते योग्यच आहे. परंतु सोयरीक जुळविताना मुलाच्या श्रद्धेआधी त्याची पूर्वीची जात विचारली जात असेल, किंवा शेतावरच्या मजुराचा पेला अजून वेगळा ठेवला जात असेल, तर नानांचे सोवळे आपल्या घरी क्रूसाखाली सुखाने नांदत आहे.

शुद्ध अंतःकरणाच्या लोकांना देवाचे दर्शन घडेल, असे वचन डोंगरावरील प्रवचनात आहे. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथातून त्याला एक साधी पुस्ती जोडता येते: अंतःकरण शुद्ध होऊ लागले की प्रथम शेजारी दिसू लागतो. या दृष्टीने 'स्मृतिचित्रे' प्रत्येक कुटुंबाने पुन्हा एकदा, शक्य तर मोठ्याने, एकत्र बसून वाचावे.