आजोबांची मांडी आणि कीबोर्ड

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर आम्ही दोघं असायचो. पार्टनर टाईप करायचा. सेमीकोलन राहिला की मी शेजारून सांगायचे. जर्नल पूर्ण, सह्याही झाल्या, पण अख्ख्या सेमिस्टरमध्ये माझ्या हातून एकही एरर आली नाही. कारण कीबोर्डला माझा हातच लागला नव्हता.

त्यामुळे लिनस टोरवाल्ड्सचं 'जस्ट फॉर फन' (२००१, सहलेखक डेव्हिड डायमंड) वाचताना मी लिनक्सपर्यंत पोचायच्या आधीच अडकले. हेलसिंकीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले त्याचे आजोबा 'कमोडोर व्हिक-२०' घेतात. स्वतः कागदावर प्रोग्राम लिहितात आणि नातवाला मांडीवर बसवून त्याच्याकडून टाईप करून घेतात. मशीनची मेमरी जेमतेम ५ केबी. तुमच्या फोनमधला एक फोटोही तीत मावणार नाही. पुढे मुलगा मॅन्युअलमधले नमुने उतरवतो, मग त्यात बदल करतो, मग स्वतःचे प्रोग्राम लिहितो. बहिणीचं कौतुक पडद्यावर पुन्हा पुन्हा छापणारा प्रोग्रामही त्यात आहे.

पुस्तकातली ही सगळ्यात चांगली पानं. इथे कोणी 'जीनियस' नाही. उतरवून काढणं, चुकणं, पुन्हा टाईप करणं, एवढंच आहे. स्वतःची थट्टा करत लिहिल्यामुळे ते खरंही वाटतं.

माझी तक्रार पुस्तकातल्या तत्त्वज्ञानाबद्दल आहे. टोरवाल्ड्स म्हणतो, माणसाच्या प्रेरणा तीन पायऱ्यांनी चढतात: जगणं, समाज आणि शेवटी मजा. मान्य. पण मग त्याला पहिल्या दोन पायऱ्या कोणी बांधून दिल्या? घरातलं मशीन, मोकळा वेळ, चुकलं तरी न रागावणारे आजोबा. हे सगळं पुस्तकात आहे, फक्त हिशेबात धरलेलं नाही. त्यामुळे मजा हा स्वभावाचा गुण वाटू लागतो आणि ज्याला ती वाटत नाही, तो स्वतःलाच दोष देतो. मी दोन वर्षं दिला.

मग मामेभावाचा जुना लॅपटॉप घरी आला. पहिल्याच रात्री पडद्यावर सतरा एरर आल्या. त्या माझ्या होत्या, म्हणून झोप लागेना. आज कोड लिहूनच पोट भरते.

पुस्तक जरूर वाचा, सुरुवातीची पानं सावकाश वाचा. आणि लॅबमध्ये शेजारी कोणी नुसतीच बघत बसली असेल, तर कीबोर्ड तिच्याकडे सरकवा.