राबाचा धूर आणि शीर्षकदृश्यातील धुके

माहितीपट मालिकेच्या प्रत्येक भागाच्या आरंभी, मालिकेचे नाव आणि श्रेयनामे दाखवत येणारा मिनिटभराचा तुकडा, म्हणजे शीर्षकदृश्य, हे संकलकाच्या कसोटीचे काम असूनही मराठीत त्याची समीक्षा अभावानेच आढळते. दूरदर्शनवर १९८८ मध्ये सुरू झालेल्या, श्याम बेनेगल दिग्दर्शित ५३ भागांच्या ‘भारत एक खोज’चे शीर्षक अनेकांच्या कानात अजून आहे. वनराज भाटिया यांनी नासदीय सूक्ताला दिलेले संगीत आणि वसंत देव यांनी केलेले त्याचे हिंदी रूप यांमुळे, आरंभी काय होते हा मालिकेचा प्रश्न पहिल्याच मिनिटात प्रेक्षकापुढे उभा राहत असे.

आजची वातावरणनिर्मिती मात्र साचेबंद झाली आहे. डोंगरावरून सरकणारा ड्रोन, एक दृश्य विरघळत दुसरे उमटवणारे संथ डिझॉल्व्ह आणि खर्जातील गुंजन एवढ्या सामग्रीवर गडकोट, बिबटे आणि पाणीटंचाई या तिन्ही विषयांची शीर्षके निघतात.

नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओमुळे कर्जत-खालापूर पट्टा कॅमेऱ्याला सरावलेला आहे, पण बहुधा इतिहासपटांची पार्श्वभूमी म्हणूनच. कर्जत तालुक्यातील कशेळे परिसरात पावसाळ्यापूर्वी शेतकरी राब भाजतात, म्हणजे भाताची रोपे जेथे करायची त्या जमिनीवर पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून ते जाळतात. हा धूर उंचावरून धुक्यासारखाच दिसतो, आणि रंगसंस्करणात त्यावर निळसर छटा चढवली की उन्हाळ्यातील कष्टाची खूण पावसाळी सहलीची जाहिरात होऊन बसते. याउलट, भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे याच तालुक्यातील पेज नदी भर उन्हाळ्यातही वाहते. कोरड्या, करपलेल्या माळाच्या दृश्यावर आधी केवळ जनित्रांची घरघर ऐकू यावी आणि त्यानंतर पाणी दिसावे, असा पुढील दृश्याचा ध्वनी अलीकडे ओढून घेणारा सांधा ही सारी गुंतागुंत निवेदनाविना सूचित करू शकेल.

अक्षरांची हेळसांड तर याहून ठळक आहे. रोमन अक्षरे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवण्याची लकब देवनागरीवर जशीच्या तशी लादली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची अक्षरे सुटी पडतात. बारीक वळणाच्या मात्रा आणि जोडाक्षरे हलत्या चित्रात बुडतात, ते वेगळेच. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर एका सेकंदाने उडवलेले नाव २५ चौकटींपुरतेच दिसते, आणि ‘ध्वनिमुद्रण’ या शब्दासह दोन आडनावे वाचायला तेवढ्या अपुऱ्या पडतात.

ओटीटी मंचांवरील शीर्षक ओलांडण्याच्या बटणाला सारा दोष देणे सोयीचे असले, तरी कोणत्याही मालिकेला चालेल असे शीर्षक ओलांडणाऱ्या प्रेक्षकाचे काहीच चुकत नाही. मालिका विकण्यासाठी केलेल्या झलकेलाच पुढे शीर्षक म्हणून चिकटवण्याची सवय निर्मात्यांनी सोडावी आणि हे काम सर्व भागांचे कच्चे चित्रण पाहिलेल्या संकलकाकडे, सर्वांत शेवटी द्यावे.