शांततेचे श्रेय कोणाला?

इगतपुरीच्या विपश्यना संस्थेच्या साहाय्याने राज्यातील शाळांत ‘मित्र उपक्रम’ आला. ध्वनिमुद्रित सूचना ऐकत मुले काही मिनिटे श्वासाकडे लक्ष देतात. श्वास संथ झाला, गुणगुणण्याने उच्छ्वास लांबला, की व्हेगस ही चेता हृदयाचे ठोके मंदावते. एवढे शरीरशास्त्र पक्के आहे. त्यापुढच्या दाव्यांना मात्र पुरावा हवा. ब्रिटनमधील ८५ शाळांतील प्रयोगात (२०२२) मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी सजगतेचे धडे नेहमीच्या अध्यापनापेक्षा सरस ठरले नाहीत.

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या मुलाची अस्वस्थता नुसत्या श्वासाने कशी शमेल? आम्हांला वाटते, ध्यान जरूर घ्यावे. पण दुसऱ्या गटाला नुसते स्वस्थ बसवून दोन्ही गटांची नाडी मोजावी. आणि हंगामी वसतिगृहाचा पाठपुरावा सोडू नये.