येणारे नगर आणि मागे राहिलेली गल्ली

एखादे चर्च बांधले जाते तेव्हा आपल्याकडे त्याविषयी भरपूर लिहिले जाते. कोनशिला कोणी बसवली, घंटा कोठून आली, वेदीचा संगमरवर कोणत्या कुटुंबाने दिला, याची स्मरणिकेत साग्रसंगीत नोंद होते. चर्च बंद होते तेव्हा मात्र लेखनाचा एकच प्रकार उरतो. तो म्हणजे बिशपांच्या कार्यालयातून निघालेले पत्र. या पत्राकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही. पण ज्या घरातील तीन पिढ्यांचे स्नानसंस्कार त्या चर्चमध्ये झाले, त्या घराने त्या वर्षात वाचलेला सर्वांत गंभीर मजकूर तोच असतो. तो कसा लिहिला आहे, त्यात काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, हे तपासणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही. या लेखात मी अशाच एका मजकुराचा विचार करणार आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर महाधर्मप्रांताने २०२२ साली शहरातील धर्मग्रामांच्या फेररचनेचा आराखडा हाती घेतला. त्याचे शीर्षक मराठीत ‘येणाऱ्या नगराचा शोध घ्या’ असे होईल. दोन वर्षे सभा व चर्चा झाल्या. एप्रिल २०२४ मध्ये प्रस्ताव लोकांपुढे आला आणि २२ मे २०२४ रोजी आर्चबिशप विल्यम लोरी यांनी अंतिम निर्णय जाहीर केला. शहर व लगतच्या भागातील ६१ धर्मग्रामांचे २३ धर्मग्राम होणार होते आणि उपासना ३० ठिकाणी चालू राहणार होती. इमारतींवर खर्च होणारी शक्ती सेवाकार्याकडे वळवावी, ही त्यामागची भूमिका होती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात अनेक चर्चेसमध्ये शेवटची नियमित मिस्सा झाली.

बाल्टिमोर हे काही साधे नाव नव्हे. १७८९ साली स्थापन झालेला हा अमेरिकेतील पहिला कॅथोलिक धर्मप्रांत. पुढे जर्मन, आयरिश, पोलिश, बोहेमियन, लिथुआनियन, इटालियन अशा एकामागून एक आलेल्या स्थलांतरितांनी आपापल्या भाषेचे, आपापल्या संतांचे चर्च उभारले. त्यामुळे हाकेच्या अंतरावर दोन-दोन, तीन-तीन मनोरे उभे राहिले. १९५० साली या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती पाच लाख ८६ हजारांच्या आसपास भरली. ज्यांच्यासाठी ते मनोरे उभारले होते, त्यांची नातवंडे उपनगरांत राहायला गेली. छप्परे गळू लागली, बाके रिकामी राहू लागली.

हे सारे मान्य केलेच पाहिजे. मी स्वतः प्रमुख धर्मगुरू आहे. धर्मगुरूचा किती वेळ गळक्या छपरात, वायरिंगमध्ये, कुंपणाच्या भिंतीत आणि वीजबिलात जातो हे मला कोणी सांगायला नको. आजाऱ्याच्या घरी जायला निघालेला माणूस कंत्राटदार आला म्हणून दारातून परत फिरतो, हा अनुभव माझ्या अनेक सहकाऱ्यांच्या गाठी असेल. पन्नास माणसांसाठी हजार माणसांचे चर्च सांभाळणे ही श्रद्धेची कसोटी असेलच असे नाही. कधीकधी तो केवळ हट्ट असतो. म्हणून चर्च बंद करणे म्हणजे विश्वासघात, असे सरसकट म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

माझा आक्षेप भाषेपासून सुरू होतो. अशा आराखड्यांची एक ठरावीक शब्दकळा जगभर तयार झाली आहे. चर्च ‘बंद’ होत नाही, त्याचे ‘विलीनीकरण’ होते. माणसे ‘दुरावत’ नाहीत, ‘नव्या कुटुंबात सामील’ होतात. ‘नूतनीकरण’, ‘पुनरुज्जीवन’, ‘नवी दिशा’ हे शब्द पानोपानी येतात आणि वाचता वाचता ध्यानात येते की या साऱ्या क्रियापदांना कर्ता नाही. काहीतरी घडते आहे, पण ते कोणी केले हे वाक्यातून उमगत नाही. ख्रिस्तसभेला शोकाची भाषा नवी नाही. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग विलापाचा आहे आणि नगर उद्ध्वस्त झाल्यावर गायलेल्या गीतांचे एक अख्खे पुस्तक जुन्या करारात आहे. एवढा वारसा हाताशी असताना चर्च बंद करणाऱ्या पत्राने व्यवस्थापनाची भाषा उसनी का घ्यावी?

आता शीर्षकाकडे येऊ. ते इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील चौदाव्या वचनावरून घेतले आहे. येथे आपल्याला कायमचे नगर नाही, आपण पुढे येणाऱ्या नगराची वाट पाहतो, असा त्याचा आशय. इमारती सोडून द्यायला सांगणाऱ्या आराखड्याला याहून चपखल वचन मिळणे कठीण. पण वचन संदर्भातून उचलले की त्याचा अर्थ हलका होतो, हे सेमिनरीत पहिल्याच वर्षी शिकवतात. बाराव्या वचनात लेखक सांगतो की येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. तेराव्यात तो वाचकांना आवाहन करतो की आपणही त्याची अप्रतिष्ठा अंगावर घेऊन छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ या. त्यानंतर चौदावे वचन येते. सोळाव्यात परोपकार आणि दानधर्म विसरू नका असे बजावले जाते. म्हणजे ‘येणाऱ्या नगराचा’ शोध वेशीबाहेर सुरू होतो. जेथे प्रतिष्ठा नाही, सोय नाही, तेथून त्या नगराची वाट जाते.

हे वचन शीर्षक म्हणून घ्यायचे तर आराखड्याला त्याच मापाने मोजले पाहिजे. बाल्टिमोरमध्ये छावणी कोणती आणि छावणीबाहेर कोण? १९१० साली या शहराने कृष्णवर्णीय आणि गोरे यांनी कोणत्या गल्लीत राहावे हे ठरवणारा वटहुकूम काढला होता. तो १९१७ मध्ये न्यायालयाच्या निकालाने बाद झाला, पण त्याने आखलेल्या रेषा पुसल्या गेल्या नाहीत. गोरी कॅथोलिक कुटुंबे उपनगरांत गेली आणि अनेक जुन्या चर्चेसच्या भोवती गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्ती राहिली. या समाजाचे कॅथोलिकपण कालपरवाचे नाही. हैतीतील उठावाच्या काळात, १७९३ पासून येथे आलेले फ्रेंच भाषिक निर्वासित सेमिनरीच्या तळघरातील चॅपेलमध्ये मिस्सेला जमत. १८२९ साली मदर मेरी लँग यांनी याच शहरात कृष्णवर्णीय स्त्रियांचा धर्मसंघ स्थापन केला. १८६० च्या दशकात त्यांच्या समाजासाठी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे चर्च मिळाले. नव्या आराखड्यात हे चर्च शिल्लक राहिले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण प्रश्न एका ऐतिहासिक चर्चपुरता नाही. ज्या गल्लीतील दार बंद झाले तेथील म्हातारी, जिच्याकडे मोटार नाही, ती रविवारी कोठे जाणार? तिच्या दारावर कोण जाणार? ‘सेवाकार्य’ या शब्दाचे वजन या एका प्रश्नात आहे. चर्च बंद करून वाचलेला पैसा आणि धर्मगुरूचा वाचलेला वेळ त्या म्हातारीच्या गल्लीत पोचला, तर आराखडा शीर्षकाला जागला. तो दुसऱ्या टोकाच्या वाहनतळ असलेल्या चर्चमध्ये गेला, तर छावणी आणखी आत सरकली एवढेच म्हणता येईल.

तेराव्या वचनातील अप्रतिष्ठेचाही विचार टाळता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये मेरिलँड राज्याच्या महान्यायवादींचा अहवाल प्रसिद्ध झाला. अनेक दशकांत या महाधर्मप्रांतातील दीडशेहून अधिक धर्मगुरू व अन्य व्यक्तींनी सहाशेहून अधिक मुलांवर अत्याचार केल्याचे त्यात नोंदवले होते. अशा जुन्या अत्याचारांबद्दल दावा करण्याची कालमर्यादा उठवणारा कायदा १ ऑक्टोबर २०२३ रोजी लागू होणार होता. त्याच्या दोन दिवस आधी महाधर्मप्रांताने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. फेररचनेचा या अर्जाशी संबंध नाही, ती आधीच सुरू झाली होती, असे महाधर्मप्रांताने सांगितले. तारखा पाहता फेररचना आधीची आहे हे खरे. परंतु वाचक दोन कागद वेगवेगळ्या कपाटांत ठेवून वाचत नाही. आपले चर्च का बंद होते, असे विचारणाऱ्या बापाच्या मनात दोन्ही कागद शेजारी शेजारी पडलेले असतात. त्याला उत्तर देणाऱ्या मजकुरात या लाजेचा उच्चार ठळकपणे व्हायला हवा. अप्रतिष्ठा अंगावर घेणे म्हणजे काय, हे दाखवण्याची ती जागा होती.

एक गोष्ट मात्र बाल्टिमोरच्या पारड्यात प्रामाणिकपणे टाकली पाहिजे. एप्रिलच्या प्रस्तावात २१ धर्मग्राम आणि २६ ठिकाणे होती. लोक बोलले, रडले, भांडले आणि मे महिन्यात ती संख्या २३ आणि ३० झाली. चार दारे उघडी राहिली ती लोकांच्या शब्दामुळे. म्हणजे ऐकणे हा निव्वळ उपचार नव्हता.

जेथे ते ऐकणे तोकडे पडले, तेथे काय झाले हे क्लीव्हलंड सांगते. त्या धर्मप्रांतात बिशप रिचर्ड लेनन यांनी २००९-१० मध्ये सुमारे ५० धर्मग्राम कमी केले. पोलिश लोकांचे संत कॅसिमिर चर्च २००९ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाले. तेथील लोकांनी काय केले? ते दर रविवारी कुलूपबंद चर्चसमोरच्या पदपथावर जमून प्रार्थना करीत राहिले. ओहायोच्या बर्फातही करीत राहिले. दुसरीकडे त्यांचे आणि इतरांचे अर्ज रोमला गेले. मार्च २०१२ मध्ये तेथील धर्मगुरूविषयक मंडळाने, नियम व कार्यपद्धती पाळली गेली नाही म्हणून, १३ धर्मग्रामांबाबतचे निर्णय रद्द केले. बिशपांनी त्याविरुद्ध दाद न मागण्याचे ठरवले आणि त्याच वर्षीच्या जुलैत संत कॅसिमिर चर्च पुन्हा उघडले. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या वचनावर मी बरीच भाष्ये वाचली आहेत. त्या पदपथावरील मंडळी अक्षरशः वेशीबाहेर उभी होती. त्यांच्याइतके नेमके भाष्य माझ्या वाचनात आले नाही.

येथे ख्रिस्तसभेचा कायदा आपल्या मदतीला येतो, आणि गंमत अशी की कायद्याची भाषा आराखड्याच्या भाषेपेक्षा अधिक माणसाळलेली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मग्राम आणि चर्च हे दोन वेगळे विषय आहेत. धर्मग्राम हा माणसांचा समुदाय, चर्च ही उपासनेची वास्तू. एकाचे विलीनीकरण झाले म्हणून दुसऱ्याला आपोआप टाळे लागत नाही. वास्तू उपासनेतून काढण्यासाठी गंभीर कारण हवे, धर्मगुरूंच्या परिषदेचे मत घेतले पाहिजे, आणि आत्म्यांच्या हिताला बाधा येता कामा नये. व्हॅटिकनने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनात, धर्मप्रांताने चर्चेसची संख्या कमी करण्याचा सर्वसाधारण आराखडा आखला एवढे कारण विशिष्ट चर्च बंद करायला पुरेसे नाही, असे स्पष्ट केले आहे. जुलै २०२० च्या धर्मग्रामविषयक सूचनापत्रातही धर्मगुरूंची टंचाई किंवा धर्मप्रांताची एकंदर आर्थिक स्थिती ही कारणे धर्मग्राम रद्द करण्यास अपुरी मानली आहेत. प्रत्येक दाराचा स्वतंत्र विचार व्हावा, असा या साऱ्याचा मथितार्थ आहे. चांगल्या लेखकाला आपण हेच सांगतो की ‘माणुसकी’ लिहू नकोस, एक माणूस लिही.

वसईच्या वाचकाला बंद पडलेल्या चर्चचे चित्र परके नाही. १७३९ साली किल्ला पडला आणि आतील चर्चेस ओस पडली. त्यांच्या बिनछपराच्या भिंती आपण लहानपणापासून पाहत आलो. किल्ल्याबाहेरच्या गावांत श्रद्धा टिकली ती एतद्देशीय धर्मगुरूंमुळे आणि घराघरांतील रोझरीमुळे. वास्तू गेल्या तरी ख्रिस्तसभा उरते, याचा आपल्याइतका जिवंत पुरावा कोणाकडे असेल? पण एक फरक ध्यानात घ्यावा. तेथे दार दुसऱ्याच्या तोफांनी बंद केले. बाल्टिमोर आणि क्लीव्हलंडमध्ये कुलूप आपल्याच हाताने लागले, खाली आपल्याच माणसाची सही होती. म्हणून तेथे जबाबदारीही आपली आणि शब्दही आपले असले पाहिजेत.

चर्च बंद झाल्यावर त्याची स्नानसंस्काराची आणि विवाहाची पुस्तके नव्या धर्मग्रामाकडे किंवा दप्तरखान्यात जातात. त्या पुस्तकांत विशेषणे नसतात. बाळाचे नाव, आईबापांची नावे, धर्मआईबाप, तारीख आणि धर्मगुरूची सही, एवढेच. बंदीचे पत्र लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी त्यातले एखादे पुस्तक अर्धा तास उघडून बसावे. मग ‘विलीनीकरण’ हा शब्द त्याच्या हातून सहज उतरणार नाही. तो लिहील, ‘हे चर्च मी बंद करीत आहे. कारण असे आहे. तुमच्या गल्लीत आजाऱ्यांकडे अमुक धर्मगुरू अमुक वारी येतील. तुमचे दुःख मला ठाऊक आहे.’ चार वाक्ये पुरेत. लोक त्यावरही रडतील, पण आपल्याला कोणीतरी नावाने ओळखून लिहिले आहे, हे त्यांना कळेल.