तेरा मिनिटांचा 'अशर' आणि माझा परत आलेला सिनॉप्सिस

आधी एक खुलासा. माझ्या पीएचडीत 'फिल्म' म्हणजे काचेवर बसवलेला काहीशे नॅनोमीटर जाडीचा थर. सिनेमाचा माझा रीतसर अभ्यास नाही. तरी सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्युनिअर्सना मी सध्या दोन हौशी भयपट बघायला सांगतेय. ते का, ते एकदाचं लिहून टाकते.

माझा पहिला सिनॉप्सिस परत आला तेव्हा त्यावर पेन्सिलीने एकच ओळ होती : "यातला प्रश्न कुठला?" मी थराचे पाच गुणधर्म मोजणार होते, तीन तापमानांना, दोन पद्धतींनी. उपकरणं कुठली वापरणार हे सगळं होतं. प्रश्न नव्हता. त्याच आठवड्यात, काहीच सुचत नव्हतं म्हणून, मी 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' पाहिला.

हा १९२८ चा मूकपट. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात जेम्स सिब्ली वॉटसन आणि मेलव्हिल वेबर या दोघांनी तो केला. वॉटसन वैद्यकशास्त्र शिकलेले आणि 'द डायल' या वाङ्मयीन मासिकाचे एक मालक, तर वेबर कलेतिहासाचे अभ्यासक. दोघांपैकी कुणीच सिनेमावाला नाही. स्टुडिओ म्हणजे तबेला. नायिकेच्या भूमिकेत वॉटसन यांची पत्नी हिल्डगार्ड, आणि घरी येणारा पाहुणा म्हणजे स्वतः वेबर. आता 'लो बजेट' म्हणताना जरा सांभाळून. वॉटसन घरचे चांगले श्रीमंत होते. त्यांच्याकडे नव्हतं ते प्रशिक्षित माणसं आणि यंत्रणा. वेळ मात्र भरपूर होता. (आपल्या फेलोशिपचं नेमकं उलटं.)

एडगर अ‍ॅलन पोची मूळ कथा १८३९ ची. रॉडरिक अशर हा अतिसंवेदनशील माणूस, त्याची आजारी बहीण मॅडलिन, तिला मेली समजून तळघरात ठेवणं, तिचं परत येणं आणि शेवटी घरच कोसळणं. या कथेवर सिनेमा करायचा तर पहिला मोह कुठला? सगळं दाखवायचं. वाडा, वादळ, तळघर, पाहुण्याचं निवेदन. वॉटसन-वेबरनी यातलं बहुतेक सोडून दिलं. गोष्ट समजावणारी एकही पाटी पडद्यावर येत नाही. त्यांनी एकच गोष्ट धरली : ज्याच्या जाणिवाच फुटल्यात त्याला जग कसं दिसत असेल, कसं ऐकू येत असेल?

मग साधनं आपोआप ठरतात. लेन्ससमोर प्रिझम, म्हणजे एका जिन्याचे अनेक जिने होतात आणि कुठला चढायचा ते कळत नाही. एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा चित्रण, त्यामुळे माणूस भिंतीतून आरपार. हातोडा मधूनच येतो, परत येतो. आणि माझा सगळ्यात आवडता भाग : मूकपटात आवाज कसा दाखवायचा? तर 'बीट', 'क्रॅक', 'स्क्रीम' असे शब्द इंग्रजी अक्षरांत वेडेवाकडे पडद्यावर तरंगतात. ते वाचायचे नसतातच, ते अंगावर येतात. जर्मन 'कॅलिगरी'चा (१९२०) प्रभाव उघड आहे, पण तिथे वेडेपणा रंगवलेल्या भिंतींत होता. इथे तो काचेतून वाकणाऱ्या प्रकाशात आहे. ऑप्टिक्स शिकलेल्या माणसाला याचा आनंद जरा जास्तच होतो, हे मान्य.

पण कौतुक इथे थांबवते, कारण यात मोठा दोष आहे. पो न वाचलेल्याला या तेरा मिनिटांत काय घडलं ते कळत नाही. माझ्या रूममेटने शेवटी विचारलं, "ती त्याची बायको का?" हसू आलं, पण तक्रार खरी होती. आधीचा पेपर वाचल्याशिवाय न कळणारा पेपर आपण लिहितो तेव्हा हेच करतो. दिग्दर्शकांनी प्रेक्षकाला कथा ठाऊक आहे असं धरून चाललं, आणि ते गृहीतक कुठेच सांगितलं नाही.

दुसरा सिनेमा याच्या अगदी उलट टोकाला. 'द कॉल ऑफ कथुलू', २००५, लांबी ४७ मिनिटं. लव्हक्राफ्टच्या चाहत्यांच्या एका संस्थेने तो केला. दिग्दर्शक अँड्र्यू लेमन, पटकथा शॉन ब्रॅनी. मूळ कथा 'वीअर्ड टेल्स' मासिकात आली ते वर्षही १९२८ च. म्हणून यांनी ठरवलं, सिनेमा त्याच काळात बनला असता तर कसा दिसला असता तसाच करायचा : कृष्णधवल, मूक, पाट्यांसह. राक्षस म्हणजे एकेक फ्रेम हलवलेली बाहुली.

यात गोष्ट कळते, अगदी टप्प्याटप्प्याने. आणि ती गोष्ट तुमच्या-माझ्या ओळखीची आहे. एका प्राध्यापकाच्या मृत्यूनंतर त्याच्या नातलगाला कागदांची पेटी मिळते. टिपणं, वर्तमानपत्राची कात्रणं, एका पोलीस अधिकाऱ्याची हकीकत, एका नॉर्वेजियन खलाशाचं हस्तलिखित. सुटी सुटी निरीक्षणं जुळायला लागतात आणि जुळणी हीच भीती होते. लिटरेचर रिव्ह्यूवरचा इतका चांगला भयपट मी दुसरा पाहिलेला नाही! माझ्या मते तो कागद चाळतानाच सर्वात भीतिदायक आहे. राक्षस प्रत्यक्ष आला की भीती उतरते आणि कुतूहल सुरू होतं : हे केलं कसं?

इथे मला एक प्रश्न छळतो. मूकपटाचं रूप कथेच्या काळाला शोभतं म्हणून घेतलं, की पैसे नव्हते आणि जुन्या सिनेमाच्या वेषात बाहुलीचे झटके खपून जातात म्हणून? बहुधा दोन्ही. त्यात लबाडी नाही. आपणही अनेकदा लॅबमध्ये आहे तेच उपकरण वापरतो आणि मग त्याचं समर्थन शोधतो. फक्त फरक दिसतो. 'अशर'मधला प्रिझम काढला तर सिनेमाच उरत नाही. 'कथुलू'ला उद्या रंग आणि आवाज दिले तर बाहुली उघडी पडेल, पण पेटीतल्या कागदांचं काही बिघडणार नाही. माझ्या सिनॉप्सिसमधल्या पाचांपैकी चार मोजमापांना मी हीच कसोटी लावली आणि ती खोडली. पाचवं राहिलं. त्यावर अजून काम चालू आहे, निकालाचा पत्ता नाही.

जाता जाता : वॉटसन पुढे क्ष-किरणांच्या चलच्चित्रणावर संशोधन करत राहिले. शरीराच्या आतलं हलताना बघायचं, हे त्यांचं काम झालं. 'अशर' त्यानंतर पुन्हा पाहिला तर जिना वेगळाच दिसतो.

इंटरनेटवर तो सहज मिळतो. बहुतेक प्रतींना संगीत जोडलेलं असतं, ते नंतरचं आहे. आधी आवाज पूर्ण बंद करून बघा, आणि पोची कथा त्याआधी वाचू नका. काय कळलं नाही त्याची यादी करा. मग कथा वाचा.